अँसिसचा बीम १८८: जोडबीममधलं वार्पिंग टॉर्शन त्याच्यावर सोपवावं का?

मुंबईतल्या स्ट्रक्चरल ऑफिसांत सहसा स्टाड नाहीतर ईटॅब्स हे इमारतींच्या गणिताचं सॉफ्टवेअर उघडं असतं. आय-सेक्शनच्या बीमवर टॉर्शन, म्हणजे पीळ, दिसलं की तिथे दोनपैकी एक गोष्ट होते. एक तर टॉर्शन रिलीज मारून (म्हणजे जोड पिळासाठी मोकळा धरून) ते दिसेनासं केलं जातं, नाहीतर सेक्शन दोन साइज वर चढवून विषय मिटवला जातो. दोन्ही मार्ग कधीकधी बरोबरही असतात. पण काचेच्या दर्शनी भिंतीचा ब्रॅकेट, एका बाजूला लोंबणारी कॅनोपी, क्रेन गर्डर किंवा गाळ्यातल्या पोटमाळ्याचं चॅनेल अशा ठिकाणी पीळ पळवून लावता येत नाही, तो बीमनेच खायचा असतो. अशा कामासाठी अँसिस मेकॅनिकल या विश्लेषणाच्या सॉफ्टवेअरमधलं बीम १८८ हे एलिमेंट कितपत उपयोगी आहे, ते इथे तपासलं आहे.

निकाल आधीच सांगतो. एकट्या सरळ बीमसाठी एलिमेंट उत्तम आहे. एकमेकांना जोडलेल्या बीमसाठीही ते उत्तम ठरतं, पण जॉइंटवर वार्पिंगचं (पिळामुळे सेक्शनचा सपाट छेद वाकडा होण्याचं) काय होतं हे तुम्ही स्वतः ठरवून मॉडेलमध्ये घातलं तरच. डिफॉल्टवर भरवसा ठेवलात तर चित्र देखणं येतं आणि आकडे चुकीचे.

आधी थोडी उजळणी. आय किंवा चॅनेलसारख्या उघड्या सेक्शनला पीळ दिला की तो दोन मार्गांनी प्रतिकार करतो. पहिला सेंट व्हेनांचा, जीजेवर चालणारा (जी म्हणजे स्टीलचा शिअर मोड्युलस, जे म्हणजे सेक्शनचा टॉर्शन स्थिरांक). दुसरा वार्पिंगचा: वरचा फ्लँज एका बाजूला वाकतो, खालचा दुसऱ्या बाजूला, आणि या उलटसुलट वाकण्यातून जी बलजोडी तयार होते ती पिळाला अडवते. व्लासोव्हच्या सिद्धांतात या दुसऱ्या भागासाठी बायमोमेंट नावाची राशी येते, तिचं एकक किलोन्यूटन गुणिले चौरस मीटर. नेहमीच्या फ्रेम मेंबरला प्रत्येक नोडवर सहा डीओएफ, म्हणजे हालचालीच्या मोकळ्या दिशा, असतात: तीन सरकणं, तीन फिरणं. वार्पिंगसाठी सातवा लागतो, म्हणजे बीमच्या लांबीवर पीळ बदलण्याचा दर. तो नसेल तर सॉफ्टवेअरला फक्त जे माहीत असतो, आणि उघड्या सेक्शनचा जे फारच किरकोळ असतो.

किती फरक पडतो ते आकड्यात पाहू. आयएसएमबी ३०० हा ३०० मिमी खोलीचा आय-बीम घ्या: फ्लँज १४० × १२.४, वेब ७.५ मिमी, ही जुन्या तक्त्यातली मापं. तुमच्या तक्त्यात जाडी किंचित वेगळी असेल तर तीच घाला. पातळ पट्ट्यांच्या सूत्राने जे येतो सुमारे २१.७ सेमी⁴, आणि तक्त्यातल्या कमकुवत अक्षाच्या जडत्वावरून वार्पिंग स्थिरांक सुमारे ९३,९०० सेमी⁶. यांतून एक लांबी निघते, ईआयडब्ल्यू (स्टीलचा यंग्ज मोड्युलस ई गुणिले वार्पिंग स्थिरांक) भागिले जीजे याचं वर्गमूळ: इथे ती साधारण १.०६ मीटर. वार्पिंगचा परिणाम सपोर्टपासून किंवा लोडपासून किती अंतरात विरतो, ते ही लांबी सांगते. ६ मीटरच्या स्पॅनला ती अजिबात दुर्लक्ष करण्याजोगी नाही.

आता स्पॅन ६ मीटर, दोन्ही टोकांना पीळ अडवलेला पण वार्पिंग मोकळं, आणि मध्यभागी १०० मिमी विकेंद्री २० किलोन्यूटन. म्हणजे पीळ २ किलोन्यूटन-मीटर. सहा डीओएफचं मॉडेल मध्यभागी १०.३ अंश फिरणं दाखवतं. सात डीओएफला तेच ६.७ अंश. दोन्ही टोकांना वार्पिंग पूर्ण अडवलं तर ३.८ अंश. एकाच बीमची तीन उत्तरं आहेत, आणि यातलं खरं कोणतं हे तुमचं एंड कनेक्शन ठरवतं.

ताण तर आणखी बोलका आहे. २० किलोन्यूटनचा उभा बेंडिंग मोमेंट ३० किलोन्यूटन-मीटर, त्यातून फ्लँजमध्ये ५२ एमपीए. टोकं मोकळी असताना मध्यभागी बायमोमेंट साधारण १.०५ किलोन्यूटन-चौरस मीटर येतो, आणि फ्लँजच्या कडेला त्याचा ताण ११३ एमपीए. मूळ बेंडिंगच्या दुपटीहून जास्त! शिवाय सेक्शन ६.७ अंशांनी फिरल्यावर तोच उभा लोड कमकुवत अक्षाभोवतीही थोडा वाकवतो, त्याचे ५४ एमपीए. तिन्हींची बेरीज वरच्या फ्लँजच्या एकाच कडेवर होते: २१९. अडीचशे यील्डच्या स्टीलला १.१ ने भागलं की २२७ उरतात, आणि वरचा लोड अजून फॅक्टरही केलेला नाही. सहा डीओएफच्या मॉडेलमध्ये हाच बीम बेंडिंगच्या ५२ वर निवांत पास होतो.

जुन्या लोकांची हातची पद्धत म्हणजे पिळाला खोलीने भागून फ्लँजवर आडवा लोड काढायचा आणि फ्लँज हाच साधा बीम समजायचा. ती इथे १४० × १२.४ ची पट्टी धरून २५७ एमपीए देते. सुरक्षित बाजूची आहे, पण ११३ च्या जागी २५७ म्हणजे सेक्शन उगाच फुगतो. आखूड स्पॅनला ही पद्धत बऱ्यापैकी जवळ जाते. लांब स्पॅनला सेंट व्हेनांचा वाटा वाढत जातो आणि पद्धतीचं उत्तर भलतंच मोठं होत जातं.

आता एलिमेंट. बीम १८८ मध्ये कीऑप्ट १ या सेटिंगची किंमत डिफॉल्टने शून्य असते, म्हणजे सहा डीओएफ. ती १ केली की सातवा डीओएफ चालू होतो आणि त्याचं नाव वार्प. वर्कबेंचच्या मेकॅनिकल खिडकीतून काम करत असाल तर त्या लाइन बॉडीखाली कमांड घालून कीऑप्ट बदलावा लागतो. हे प्रत्येक बॉडीसाठी करायचं असतं, एखादी राहिली तर सॉफ्टवेअर ओरडत नाही. सेक्शनची मापं आय प्रकारात खालचा फ्लँज, वरचा फ्लँज, एकूण खोली, मग तीन जाड्या या क्रमाने जातात. जे आणि वार्पिंग स्थिरांक प्रोग्राम सेक्शन मेश करून स्वतः काढतो. ते छापून घ्या आणि हातच्या आकड्याशी ताडा. त्यात वेब-फ्लँजच्या कोपऱ्यातली गोलाई नसते आणि फ्लँजचा उतारही नसतो, त्यामुळे पुस्तकातल्या जेपेक्षा थोडा फरक पडणारच. तो चालतो. शंभरपट फरक पडला तर चूक एककांची असते: सेमी⁶ वरून मिमी⁶ ला जाताना दहा लाखाने गुणायचं, दहा हजाराने नव्हे.

जाता जाता एक. जे जाडीच्या घनावर चालतो. फ्लँज ५ टक्के पातळ निघाला तर आपल्या बीमचा जे साधारण १२ टक्क्यांनी खाली येतो. कळंबोलीच्या स्टील मार्केटमधून आलेली गाडी उतरली की वजनाबरोबर व्हर्नियरनेही जाडी बघितलेली बरी, निदान पीळ घेणाऱ्या बीमची.

मेशच्या बाबतीत डिफॉल्ट आकार कंजूष आहे. बीम १८८ मुळात रेषीय आकारफलनं वापरतो, म्हणून एका मेंबरला एक एलिमेंट ही स्टाडची सवय इथे चालत नाही. कीऑप्ट ३ ने वर्ग किंवा घन फलन निवडता येतं, ते निवडा. एलिमेंटची लांबी वर काढलेल्या १.०६ मीटरच्या चौथ्या हिश्श्यापेक्षा मोठी नको. आपल्या बीमला २५० मिमीचे २४ एलिमेंट पुरेसे होतात. बीमच्या मॉडेलला त्याने वेळ लागत नाही, तिथे काटकसर करण्यात अर्थ नाही.

सपोर्टपाशी पहिला फास असतो. नोडला सगळे डीओएफ बंद करण्याचा सोपा पर्याय दिला की वार्पही बंद होतो. साइटवर मात्र क्लीट अँगलने वेब धरलेला बीम असतो, ज्याचे फ्लँज मोकळे असतात. तिथे सरकणं आणि मेंबरभोवतीचं फिरणं अडवायचं, वार्प मोकळा ठेवायचा. एंड प्लेट असेल तर लोक बिनदिक्कत पूर्ण फिक्स धरतात, तेही खरं नाही. प्लेटचा वार्पिंगला होणारा अडथळा जी गुणिले रुंदी गुणिले खोली गुणिले जाडीचा घन, भागिले तीन, एवढाच असतो. आपल्या आयएसएमबी ३०० ला १६ मिमीची एंड प्लेट लावली तर पूर्ण फिक्सिटीच्या जेमतेम पाचवा हिस्सा मिळतो. ४० मिमीची लावली तर ऐंशी टक्क्यांच्या आसपास. बेस प्लेटवर दोन्ही फ्लँजांच्या कडा जोडणाऱ्या उभ्या बाजूपट्ट्या घालून पेटी केली, तर मात्र वार्पिंग खरोखर अडतं.

इथे अँसिसची एक उणीव टोचते. वार्प डीओएफला थेट स्प्रिंग जोडण्याची सोपी सोय नाही, नेहमीचं स्प्रिंग एलिमेंट सरकणं आणि फिरणं एवढ्यावरच थांबतं. मग काय करायचं? एकदा वार्प मोकळा आणि एकदा पूर्ण बंद असे दोन रन करायचे. फिरण्यासाठी मोकळ्याचं उत्तर घ्यायचं, ताणासाठी दोन्हींतलं जे वाईट ते. आपल्या उदाहरणात बंद टोकांना ताण मध्यभागी ११३ वरून १०१ वर उतरतो, पण तेवढाच १०१ टोकांनाही उभा राहतो, जिथे आधी शून्य होता. वेल्डची तपासणी त्यावर करायची असते.

आता जॉइंट. खरी परीक्षा इथेच आहे.

दोन बीम एका नोडवर भेटले की सहा डीओएफ वाटून घेणं बरोबर असतं, कारण सरकणं आणि फिरणं या जागेच्या अक्षांत मोजलेल्या राशी आहेत. वार्प तसा नाही. तो त्या त्या बीमच्या स्वतःच्या सेक्शनचा असतो. काटकोनात येणाऱ्या दोन बीमनी एकच नोड वापरला, तर प्रोग्राम एकाचा वार्प दुसऱ्याच्या वार्पइतका धरतो. मुख्य बीमच्या फ्लँजांचं उलटसुलट वाकणं जसंच्या तसं क्लीटने टांगलेल्या दुय्यम बीमच्या फ्लँजांत शिरतं. साइटवर त्या दोन फ्लँजांचा एकमेकांना स्पर्शही नसतो. परिणाम असा की मुख्य बीम आहे त्यापेक्षा ताठ दिसतो, आणि दुय्यम बीमच्या टोकाला बिनबुडाचा बायमोमेंट उगवतो. गणित कन्व्हर्ज होतं, रिअॅक्शन जुळतात, कुठेही इशारा येत नाही. म्हणून ही चूक महिनोन्महिने पडून राहते.

यावरचा उपाय प्रोग्राममध्येच आहे आणि तो चांगला आहे: एंडरिलीज ही कमांड. मेश झाल्यावर ती दिली की २० अंशांपेक्षा जास्त कोनात भेटणाऱ्या बीमचे नोड वेगळे होतात, बाकी सहा डीओएफ कपल केले जातात आणि वार्प सुटतो. मर्यादेचा कोन बदलता येतो. सरळ रेषेत पुढे जाणाऱ्या मुख्य बीमचा वार्प मात्र अखंड राहायला हवा. ते झालं की नाही हे कपल्ड सेटची यादी काढून नजरेखालून घाला. दहा मिनिटांचं काम आहे आणि ते टाळू नये. तयार झालेल्या नव्या नोडचे नंबर लिहून ठेवा, कारण पुढे एखाद्या जॉइंटवर वार्प बंद करायचा असेल तर तो प्रत्येक बीमच्या आपापल्या नोडवर करावा लागतो.

कमांड दिली म्हणजे सुटलात असंही नाही. तिने वार्प मोकळा केला, पण साइटवर तो खरंच मोकळा आहे का? पोर्टल फ्रेमचा गुडघा घ्या, कॉलम आणि राफ्टरचा कोपरा. कोपऱ्यातल्या पॅनेलला फ्लँजांच्या रेषेत स्टिफनर आणि तिरका स्टिफनर असे दोन्ही असतील, तर वार्पिंग जवळजवळ पूर्ण अडतं: दोन्ही नोडवर वार्प शून्य धरा. यांतला एकच प्रकार असेल तर वार्पिंग एका मेंबरमधून दुसऱ्यात जातं, आणि स्टिफनरच्या मांडणीनुसार त्याचं चिन्ह तसंच राहतं किंवा उलटं होतं. स्टिफनरच नसेल तर वेब पॅनेल स्वतःच वेडंवाकडं होतं. ते कोणत्याही सात डीओएफच्या बीमला कळत नाही, कारण सेक्शनचा आकार बदलत नाही हे त्याचं मूळ गृहीतक आहे. अशा कोपऱ्याचं शेल एलिमेंटचं छोटं मॉडेल करा, दोन्ही बाजूंना खोलीच्या तिप्पट लांबी घेऊन. बीम मॉडेलमध्ये वार्प मोकळा धरायचा, बंद, की जोडलेला, ते त्यावरून ठरवा. कोपरे सारखे असतील तर एकच शेल मॉडेल पुरतं.

चॅनेल असतील तर आणखी एक खोच. एका रेषेत दोन चॅनेल जोडलेत, पण एकाचं तोंड उजवीकडे आणि दुसऱ्याचं डावीकडे. नोड एकच असल्याने वार्प जुळवला जातो, पण सेक्शन आरशातला असल्यामुळे फ्लँजच्या कडांचं पुढे-मागे सरकणं उलट होतं. अशा जोडावर वार्प सोडूनच द्यावा.

लोड कुठे बसतो यावर चॅनेलचं सगळं अवलंबून असतं. आयएसएमसी २०० चं शिअर सेंटर (ज्या बिंदूतून लोड गेला तर पीळ येत नाही तो) वेबच्या मध्यरेषेपासून पाठीमागे सुमारे २९ मिमीवर, सेक्शनच्या बाहेर हवेत असतं. सेंट्रॉइडपासून ते सुमारे ४८ मिमी दूर. बीम १८८ चा नोड डिफॉल्टने सेंट्रॉइडवर असतो, म्हणून नोडवर टाकलेला लोड आपोआप ४८ मिमीचा पीळ देतो. पोटमाळ्याच्या फळ्या किंवा चेकर्ड प्लेट फ्लँजच्या मध्यावर टेकत असेल तर खरा हात ६४ मिमीच्या आसपास भरतो. मीटरला ८ किलोन्यूटन धरले तर मीटरमागे अर्धा किलोन्यूटन-मीटर पीळ! नोडपासून लोडच्या जागेपर्यंत ताठ दुवा घालून लोड तिथे द्या, किंवा पीळ वेगळा काढून नोडवर द्या. उलट बाजूही सांगायला हवी: चेकर्ड प्लेट फ्लँजला पुरेशी वेल्ड केलेली असेल तर ती चॅनेलला फिरूच देत नाही, आणि हे न धरता केलेलं मॉडेल उगाच भीती दाखवतं. अंधेरीच्या गाळ्यांतले कित्येक पोटमाळे उभे आहेत ते या प्लेटच्या जोरावर, चॅनेलच्या नव्हे.

ताठ दुव्याची एक मर्यादा जवळून पाहण्यासारखी आहे. ब्रेसिंगची गसेट प्लेट वरच्या फ्लँजच्या कडेला लावलेली आहे आणि त्यातून बीमच्या लांबीच्या दिशेने ५० किलोन्यूटन येतात. दुवा घातला तर नोडवर अक्षीय बल आणि दोन मोमेंट पोचतात. कमकुवत अक्षाभोवतीच्या मोमेंटचा ताण दोन्ही फ्लँजांच्या कडांना ५४ एमपीए येतो, वरच्याला आणि खालच्याला सारखाच. प्रत्यक्षात ओढला जातोय फक्त वरचा फ्लँज. लोडपाशी हा ताण वरच्याला १०८ आणि खालच्याला शून्य असायला हवा. हा फरक बायमोमेंटचा असतो, बल गुणिले त्या बिंदूचा सेक्टोरियल निर्देशांक (इथे अर्धी रुंदी गुणिले फ्लँजांमधलं अर्धं अंतर), इथे ५० गुणिले ०.०१००७ म्हणजे ०.५ किलोन्यूटन-चौरस मीटर. ताठ दुवा तो देत नाही. नोडवर बायमोमेंट वेगळा लोड म्हणून घालावा लागतो, आणि तो घातला की १०८ आणि शून्य बरोबर उमटतात. हे कळलं की फ्लँजला लावलेल्या प्रत्येक गसेटकडे बघण्याची नजर बदलते.

निकाल वाचतानाही सावध राहा. मेकॅनिकलमधलं बीम टूल सोयीचं आहे, डायरेक्ट आणि बेंडिंगचा ताण एकत्र करून दाखवतं. त्यात वार्पिंगचा ताण नसतो. सगळी मेहनत करून सातवा डीओएफ लावायचा आणि शेवटी बीम टूलवर ५२ वाचून फाइल बंद करायची, असं सहज होऊ शकतं. सेक्शनचा आकार चालू करून सेक्शन बिंदूंवरचा अक्षीय ताण पाहा, फ्लँजच्या चारही कडांवर. वरच्या फ्लँजच्या एका कडेला लाल आणि दुसऱ्या कडेला निळा दिसला तर वार्पिंग हिशोबात आलंय.

फिरणं चार-पाच अंशांच्या पुढे गेलं की मोठ्या विस्थापनाचा पर्याय चालू करून लोड टप्प्याटप्प्याने द्या, नाहीतर वरचे ५४ एमपीए रेषीय विश्लेषणात दिसणारच नाहीत. मॉडेल बरोबर उभं आहे का याची झटपट चाचणी बकलिंगने होते. आपल्याच बीमवर समान मोमेंट लावून क्रिटिकल मोमेंट काढा: ६ मीटरला सुमारे ७४ किलोन्यूटन-मीटर यायला हवा. ६४ आला तर सातवा डीओएफ बंदच राहिलाय. ३ मीटर स्पॅनला फरक ठळक होतो, १९३ विरुद्ध १२९. आयएस ८०० : २००७ च्या परिशिष्ट ई मधल्या सूत्रात वार्पिंगचं पद आहेच, हातचा आकडा त्यातून निघतो. पिळाच्या ताणाचं सविस्तर डिझाइन मात्र त्या कोडमध्ये मिळत नाही, आणि अँसिसही आयएस ८०० ची मेंबर तपासणी आपणहून करून देत नाही. ताण मिळाले की पुढची एक्सेल तुमची.

दुसऱ्या पर्यायांबद्दल थोडक्यात. जर्मनीच्या ड्लुबाल कंपनीचं आरएफईएम ६ बिल्डिंगच्या कामाला जास्त सरावाचं वाटतं. त्यात सात डीओएफचा अॅड-ऑन वेगळा घ्यावा लागतो. नोड सपोर्टला वार्पिंगची स्प्रिंग देता येते, एंड प्लेटचं माप दिलं तर तिचा ताठपणा प्रोग्रामच काढतो, आणि निकालात प्राथमिक टॉर्शन, दुय्यम टॉर्शन, बायमोमेंट असे तीन वेगळे आलेख येतात. वाचायला अँसिसपेक्षा कितीतरी सोपं. फक्त टॉर्शनसाठी निवड करायची असती तर पारडं इकडे झुकतं. अबॅकसमध्ये ओपन सेक्शनचे बीम एलिमेंट आहेत, सातवा डीओएफ तिथेही आहे आणि जॉइंटचा प्रश्नही तोच. तिथे नोड वेगळे करून बाकीचे सहा तुम्हालाच बांधावे लागतात. मास्टन २ फुकट आहे, त्यात मेंबरच्या टोकाला वार्पिंग मोकळं, फिक्स किंवा सलग असं सरळ निवडता येतं. मोठ्या कामाला ते पुरणार नाही, पण नव्या इंजिनिअरला शिकवायला आणि तीन-चार मेंबरचं उत्तर ताडायला झकास.

स्टाडमध्येच राहायचं असेल तर जे वाढवून घेण्याचा जुगाड आहे. आपल्या बीमला मोकळ्या टोकांसाठी जे १.५४ पट, फिक्ससाठी २.६९ पट केला की मध्यावरचं फिरणं जुळतं. पण हे गुणक फक्त मध्यभागीच्या एका लोडचे आहेत, लोड सरकला की बदलतात, आणि ताण तरीही हातानेच काढायचा. विस्थापन तपासण्यापुरता चालेल.

आणि मुळात हे सगळं कधी करू नये तेही सांगायला हवं. स्लॅबखालचा नेहमीचा जाळीदार फ्रेम, मुख्य बीमला दुय्यम बीम ताठ जोडलेला: तिथे टॉर्शन दिसतं पण ते फुसकं असतं. ३ मीटरचा आयएसएमबी २००, मीटरला १० किलोन्यूटन. त्याच्या टोकाचा उतार ०.००२५ रेडियन. आपला मुख्य बीम मध्यावर रेडियनला १७ किलोन्यूटन-मीटर एवढाच ताठ, म्हणजे पीळ येतो ०.०४ किलोन्यूटन-मीटर. दुय्यम बीम फिरायचा थांबला की पीळही थांबतो. अशा ठिकाणी टॉर्शन रिलीज करणारा इंजिनिअर बरोबरच असतो, त्याच्यावर अँसिसचं लायसन्स लादू नका. सातवा डीओएफ लागतो तो जिथे पीळ संतुलनासाठी आवश्यक आहे तिथे. त्यात मुंबईत वाऱ्याचा मूळ वेग ४४ मीटर प्रति सेकंद धरावा लागतो, त्यामुळे दर्शनी भागाच्या ब्रॅकेटांवर आणि कॅनोप्यांवर वरखाली दोन्ही दिशांचे लोड येतात, आणि पिळाची दिशाही पलटते. दोन्ही केस चालवा.

लायसन्सचा खर्च छोट्या ऑफिसला झेपणारा नाही. वर्षाला दोन-तीनच अशी कामं येत असतील तर ती बाहेर करून घेणं स्वस्त पडतं. विद्यार्थी आवृत्ती फुकट आहे, तिची नोडची मर्यादा या बीम मॉडेलांना कधी आडवी येत नाही, पण व्यावसायिक कामाला ती वापरायची परवानगी नाही. शिकण्यासाठी, वरचे सगळे आकडे स्वतः काढून बघण्यासाठी खुशाल घ्या.

प्रूफ चेकिंगला पवईला (आयआयटीत) किंवा माटुंग्याला (व्हीजेटीआयमध्ये) फाइल जाणार असेल, तर रिपोर्टमध्ये रंगीत चित्रांच्या आधी एक साधा तक्ता जोडा: प्रत्येक जॉइंटचा क्रमांक, तिथे वार्प मोकळा, बंद की सलग धरलाय, आणि कोणत्या कनेक्शन ड्रॉइंगच्या आधारावर. अँसिस हा तक्ता आपणहून बनवत नाही, कपल्ड सेटच्या यादीवरून हाताने भरावा लागतो. फॅब्रिकेटरने स्टिफनर बदलायची परवानगी मागितली की पहिल्यांदा हाच तक्ता उघडायला लागतो.